‘औषधाशिवाय’ म्हणजे आईच्या माथी

“मूल अजून लहान आहे, औषधाचा विचार इतक्यात नको, आधी वर्तनोपचार करून पाहा.” चार-साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन तज्ज्ञासमोर बसलेल्या आईबापांना हे वाक्य ऐकवले जाते. मूल त्या वेळी बहुधा टेबलावरचा पेपरवेट फिरवत असते, नाहीतर वजनकाट्यावर चौथ्यांदा चढत असते. वाक्य निर्दोष आहे. अतिचंचलता आणि अवधानन्यूनता, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी बसलेला ‘एडीएचडी’, याचे निदान चार-पाच वर्षांच्या मुलात झाले तर पहिला उपचार पालकांच्या प्रशिक्षणाचा, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ साली सांगितले आणि २०१९ साली पुन्हा सांगितले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१८ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे गटप्रशिक्षण पुढे केले आणि या वयात औषध द्यायचेच तर विशेष अनुभव असलेल्या दुसऱ्या केंद्राचे मत घेतल्याशिवाय देऊ नये, अशी अटही घातली. तेव्हा आमचे भांडण या वाक्याशी नाही. ते उच्चारून झाल्यावर जे घडते, खरे तर जे काहीच घडत नाही, त्याच्याशी आहे.

‘औषधाशिवाय’ हा शब्दच मुळी संशयास्पद. बिनसाखरेचा चहा हा अखेर चहाच असतो. औषधाशिवायचा उपचार म्हणजे नेमके काय, हे त्या शब्दातून कळत नाही. जे नाही त्याचेच नाव जे आहे त्याला दिलेले. मराठीत तर ‘औषधोपचार’ हा समास इतका रुळला आहे की त्यातून औषध काढले की उरलेला ‘उपचार’ लोकांना पोकळ वाटतो. वास्तविक उपचार या शब्दाचा जुना अर्थ जवळ राहून केलेली सेवा असा आहे. षोडशोपचार पूजेत आसन, पाद्य, अर्घ्य असे एकेक करून सोळा प्रकारे देवापाशी राबावे लागते. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मात्र निव्वळ रीत पाळणे, ‘केवळ उपचार म्हणून’ काही करणे. या मुलांना पहिल्या अर्थाचा उपचार हवा असतो आणि मिळतो तो दुसऱ्या अर्थाचा, अशी आमची तक्रार आहे.

ती मांडण्याआधी दोन बाजूंची गर्दी हटवणे भाग आहे. पहिली गर्दी “आमच्या वेळी असले काही नव्हते” म्हणणाऱ्यांची. होते. फ्रांकफुर्टच्या हाइन्रिख होफमान या डॉक्टराने १८४० च्या दशकात रचलेल्या चित्रपुस्तकातला फिलिप जेवताना खुर्ची झुलवत राहतो आणि शेवटी टेबलावरच्या कापडासकट सारे जेवण खाली ओढतो. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ च्या व्याख्यानांत अशाच मुलांचे वर्णन केले. ‘नैतिक नियंत्रणातील उणीव’ हे त्यांनी दिलेले नाव आज कानाला खुपते, पण वर्णन ओळखीचे आहे. आपल्याकडे अशा मुलाला द्वाड, वांड, अचपळ म्हणत, ‘याचे बूड एका जागी ठरत नाही’ म्हणत, आणि इलाज म्हणून छडी असे. गंमत अशी की पुस्तकातल्या वांडपणावर आपण जीव टाकला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही मुले शांत बसली असती तर मराठी बालवाङ्मय केवढे दरिद्री झाले असते! शेजारच्या बाकावरच्या तशा मुलाला मात्र आपण अंगठे धरून उभे केले. (आणि दोघेही मुलगेच. खिडकीबाहेर पाहत बसणारी, कुणाला त्रास न देणारी, काहीच न ऐकू आलेली मुलगी आपल्या पुस्तकांतही आली नाही आणि दवाखान्यांतही उशिराच येते.) जुळ्यांच्या अभ्यासांतून या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश निघतो. लाडाने बिघडलेले पोर, एवढ्यावर हा विषय मिटत नाही.

दुसरी गर्दी गोळीला विष मानणाऱ्यांची. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले आणि त्यांतील अनेकांचे शाळेतले काम एकाएकी सुधारल्याचे नोंदवले. तेव्हापासून शालेय वयाच्या मुलांवर या औषधांची जितकी तपासणी झाली तितकी बालमनोविकारातील फार थोड्या औषधांची झाली असेल. शाळकरी मुलाला ती अल्पकाळात गुण देतात. ज्या घराला त्यांनी पुन्हा श्वास घेऊ दिला त्या घराला लाज वाटावी असे एकही अक्षर आम्हांला लिहायचे नाही.

प्रश्न तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा आहे, आणि तिथे चित्र वेगळे आहे. अमेरिकेत अगदी लहान मुलांना मनावर परिणाम करणारी औषधे देण्याचे प्रमाण १९९१ ते १९९५ या काळात झपाट्याने वाढल्याचे २००० साली उघड झाले. त्यावर गदारोळ उठला आणि सरकारी खर्चाने एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली आले. तीन ते साडेपाच वर्षांची ३०३ मुले, आधी सर्व पालकांना दहा आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि ज्यांना त्याने पुरेसा गुण आला नाही त्यांनाच मेथिलफेनिडेट. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांत होतो त्यापेक्षा कमी. सुमारे ११ टक्के मुलांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडले. चिडचिड, रडवेपणा, झोप उडणे, भूक मरणे हे त्यांतले नेहमीचे. जी मुले वर्षभर औषधावर राहिली त्यांची उंची अपेक्षेपेक्षा जवळजवळ दीड सेंटिमीटर कमी वाढली आणि वजन सव्वा किलोहून अधिक कमी. चार वर्षांच्या मुलाच्या शरीरात सव्वा किलो म्हणजे काय, हे वरणभाताचा घास घेऊन घरभर फिरणाऱ्या कुणालाही विचारावे. या आकड्यांतून औषध बंद करा असे निघत नाही. हात आखडता घ्या, आणि त्याआधी जे करायचे ते खरोखरच करा, एवढे निश्चित निघते.

ते केले जाते का? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीतून २०१४ साली असे पुढे आले की दोन-तीन वर्षांची दहा हजारांहून अधिक मुले या विकारासाठी औषधे घेत होती. म्हणजे ज्या वयासाठी कोणतीही मार्गदर्शिका औषध सुचवत नाही त्या वयाची. त्याच केंद्राने २०१६ साली सांगितले की एडीएचडीसाठी उपचार घेणाऱ्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना औषध मिळत होते आणि मानसशास्त्रीय सेवा जेमतेम निम्म्यांना. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदान झालेल्या तीन ते पाच वर्षांच्या ९,७०८ मुलांपैकी ४२ टक्क्यांना निदानापासून ३० दिवसांच्या आत औषध लिहून दिलेले आढळले. ३० दिवसांत पालक-प्रशिक्षणाचे पुरते चार वर्गही होत नाहीत. म्हणजे २०११ पासून छापील पानावर असलेला पहिला उपचार सरळ ओलांडून दुसऱ्यावर उडी. तिथले डॉक्टर खलनायक आहेत असे समजण्याचे कारण नाही. प्रशिक्षण देणारा माणूस गावात नाही, असला तर महिनोन्‌महिने थांबावे लागते, विमा त्याचे पैसे देईलच असे नाही, आणि बालवाडी पुढच्या सोमवारी मुलाला काढून टाकणार आहे. औषधाची चिठ्ठी त्याच दिवशी लिहिता येते.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने घसरते. मेथिलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यांतली एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि साध्या गल्लीतल्या केमिस्टकडे ते मिळतही नाही. गोळीची दहशतही आहे. तेव्हा “औषध नको” म्हणणे आपल्या डॉक्टरांना सोपे जाते आणि ऐकणाऱ्यांना सुटल्यासारखे वाटते. पुढचे “वर्तनोपचार करा” हे मात्र हवेत राहते.

आमच्या परिचयातील एका आईला (शहर कोणते आणि दवाखाना कोणता याला महत्त्व नाही) या उपचारापोटी एक झेरॉक्स कागद मिळाला. मुलाला वेळ द्या. वागण्यात सातत्य ठेवा. मुलावर ओरडू नका. मोबाइल देऊ नका. चांगल्या वागणुकीचे कौतुक करा. ती बाई नोकरी करते, सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा पाळीच्या ड्यूटीवर. कागद वाचून ती एवढेच म्हणाली, “हे सगळं मी करत नाही, असं यांना कुणी सांगितलं?” कागदावरचे एकही वाक्य चूक नव्हते. पण उपचार म्हणून दिलेल्या कागदात उपचार करणारा कुणी नव्हता; होती ती फक्त आरोपांची यादी, आज्ञार्थात लिहिलेली.

खरा पालक-प्रशिक्षणाचा उपचार कसा असतो, हे आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शीला आयबर्ग यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीत आई किंवा बाप आणि मूल एका खोलीत खेळत असतात. काचेच्या पलीकडे प्रशिक्षक बसलेला असतो आणि पालकाच्या कानात बसवलेल्या यंत्रातून त्या क्षणी काय बोलायचे ते हळूच सांगत असतो. पहिल्या टप्प्यात पालकाने हुकूम सोडायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, दोष काढायचा नाही. मूल जे करते आहे ते शब्दांत सांगायचे: “तू लाल ठोकळ्यावर निळा ठेवलास.” मूल जे बोलले ते त्याला परत ऐकवायचे, त्याच्यासारखे आपण करायचे, आणि कौतुक करायचे ते मोघम “शहाणा माझा” असे नव्हे, तर “हळू ठेवलास म्हणून मनोरा पडला नाही” असे नेमके. आपल्यापैकी कुणीही घरी पाच मिनिटे हे करून पाहावे. प्रश्न न विचारता, हुकूम न सोडता मराठी आईबापाला मुलाशी बोलताच येत नाही, असा शोध लागतो. “हे काय आहे? रंग कोणता? नीट बस. काकांना दाखव.” आमचाही हाच अनुभव. हे एक कौशल्य आहे, आणि पोहणे किंवा तबला जसा कागदावरून येत नाही तसेच तेही येत नाही. दुसऱ्या टप्प्यात हुकूम द्यायला शिकवतात: एका वेळी एकच, छोटा, स्पष्ट, आणि दिल्यावर तो पाळला जाईपर्यंत तिथेच थांबायचे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत फेकलेला हुकूम हा हुकूमच नव्हे.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या न्यू फॉरेस्ट या जंगलाचे नाव घेतलेला एक कार्यक्रम आहे. त्यात प्रशिक्षित परिचारिका आठ आठवडे घरी येते. मुलाशी बोलण्याआधी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याचे लक्ष आपल्याकडे आले याची खात्री कशी करायची, थांबण्याची सवय आधी अगदी थोड्या वेळापासून सुरू करून कशी वाढवत न्यायची, रडारड सुरू होण्याआधीची चाहूल कशी ओळखायची, हे ती त्याच घरात, त्याच मुलाबरोबर दाखवते. एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ७८ तीन वर्षांच्या मुलांवर याची चाचणी प्रसिद्ध केली. ज्या आयांची परिचारिकेने नुसतीच सहानुभूतीने विचारपूस केली त्यांच्या मुलांपेक्षा, ज्यांना कौशल्य शिकवले त्यांची मुले स्पष्टपणे सुधारली. शिकवलेल्या गटात निम्म्याहून थोडी अधिक. आनंदाची गोष्ट. पण २००४ साली त्याच मंडळींनी दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी कार्यक्रम तोच, मात्र तो नेहमीच्या आरोग्यसेविकांनी आपल्या नेहमीच्या कामाच्या ओघात दिला. ८९ कुटुंबे होती. गुण आला नाही. आम्ही याचा अर्थ असा लावतो: हा उपचार पुस्तिकेत नसतो, तो देणाऱ्या माणसाच्या हातात, त्याच्या तालमीत आणि त्याला दिलेल्या वेळात असतो. ते काढून घेतले की मागे झेरॉक्स कागद उरतो.

त्याहून अवघड गोष्ट २००२ साली याच संशोधकांनी दाखवली. ज्या आयांमध्ये स्वतःमध्येच अवधानन्यूनतेची लक्षणे तीव्र होती, त्यांच्या मुलांना या प्रशिक्षणाचा उपयोग झाला नाही. यात नवल ते काय? विकार आनुवंशिक आहे असे एका श्वासात सांगायचे आणि दुसऱ्या श्वासात, ज्यांच्याकडून तो आला असण्याचा संभव आहे त्यांनीच घड्याळाच्या काट्यावर सातत्य पाळावे अशी अपेक्षा करायची! जिला स्वतःची किल्ली सापडत नाही, गॅसवर ठेवलेले दूध आठवत नाही, जिने आयुष्यभर “धांदरट” हे एकच विशेषण ऐकले, तिला आपण मुलाची वैद्य नेमतो. तिचे स्वतःचे निदान मात्र कुणी करत नाही.

इथे आमच्या साहित्याचाही थोडा दोष पदरात घ्यायला हवा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले; १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला. त्या पुस्तकाविषयी आम्हांला अनादर नाही. पण मूल घडवण्याचे एकमेव हत्यार म्हणजे आई, आणि तिचे साधन म्हणजे स्वतःचे झिजणे, हा जो आदर्श त्यातून घरोघर पोचला, तो अशा मुलाच्या आईच्या मानेवर आजही बसलेला आहे. मूल वर्गात चावले की फोन तिला येतो. वर्तनोपचार तिने करायचे. सासूने मध्येच हातात मोबाइल दिला तर सातत्य तुटल्याचे पाप तिचे. बाप समुपदेशनाला आला तर त्याचे कौतुक होते. पाश्चात्त्य कार्यक्रमांच्या नावात ‘पालक’ असते आणि खुर्चीत बहुतेक वेळा आईच असते, तेव्हा हा दोष आपलाच आहे असेही नाही. आपण फक्त त्याला देव्हारा बांधला.

आता आमच्याच बाजूला गैरसोयीची असलेली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. १९९४ साली अमेरिकेत एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध झाला. साखरेने आपला मुलगा बेफाम होतो असे मानणाऱ्या आयांपैकी काहींना सांगितले, मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच साखर दिली नव्हती. ज्यांना ‘साखर’ सांगितली त्यांना मुलगा अधिक चंचल दिसला. पाहणाऱ्याच्या डोळ्यात काय आहे यावर मुलाचे वागणे किती ठरते, याचा हा धडा. तो आपल्या उपचारालाही लागू पडतो. सोनुगा-बार्क यांनीच २०१३ साली औषधाव्यतिरिक्तच्या सर्व उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. आठ आठवडे घाम गाळलेल्या आईला विचारले तर मूल सुधारलेले. कोणाला उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या तिऱ्हाइताला विचारले तर चंचलतेवरचा वर्तनोपचाराचा परिणाम जवळजवळ विरून गेलेला. औषधवाद्यांनी हा निष्कर्ष झेंड्यासारखा मिरवला.

पण पुढच्याच वर्षी, २०१४ साली, त्याच वर्तुळातील संशोधकांनी दुसरा प्रश्न विचारला: मग या उपचाराने बदलते तरी काय? तिऱ्हाइतांच्या नजरेतूनही दोन गोष्टी बदललेल्या दिसल्या. पालकांचे मुलाशी वागणे सुधारले, त्यातले ओरडणे-मारणे-टोचून बोलणे घटले. आणि मुलाचा आडमुठेपणा, भांडखोरपणा कमी झाला. चंचलता फारशी हलली नाही, पण घर हलले. आम्हांला ही गोष्ट लहान वाटत नाही. चार वर्षांच्या मुलाचे बूड ठरत नाही यात त्याचे फारसे काही बिघडत नाही. दिवसातून चाळीस वेळा ‘तू वाईट आहेस’ हे ऐकण्याने बिघडते. हा उपचार मुलावर नव्हेच, तो मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांवर आहे, आणि म्हणूनच तो कुणाला नको असतो. गोळीत एक सोय आहे: आजार मुलाच्या आत राहतो.

या रिकाम्या जागेत बाजार शिरतो. स्मरणशक्तीची सिरपे, मेंदूच्या दोन्ही बाजू ‘जागृत’ करणारी शिबिरे, डोळे बांधून रंग ओळखायला लावणारे वर्ग. महिन्याची फी रोख. ‘औषधाशिवाय’ हा शब्द यांच्या फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. आहाराबाबत एवढेच खरे की २००७ साली साउदॅम्प्टनच्या एका चाचणीत काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने तीन वर्षांच्या सर्वसाधारण मुलांतही चंचलता किंचित वाढलेली आढळली, आणि २०१० पासून युरोपीय संघात तशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. भडक रंगाच्या गोळ्या-पेप्सी टाळाव्यात. त्याला कोण नाही म्हणतो? पण त्याला उपचार म्हणू नये. कान तपासावेत, मूल रात्री घोरते का ते पाहावे, झोप पुरते का ते पाहावे. कमी ऐकू येणारे किंवा अर्धवट झोपलेले मूलही वर्गात हुबेहूब असेच वागते.

आणि शाळा? तिचे नाव कोणत्याही चिठ्ठीवर येत नाही. अमेरिकेत २०१८ साली चार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जिथे प्रवेशासाठी १ सप्टेंबरची सीमारेषा आहे तिथे ऑगस्टात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलांना एडीएचडीचे निदान मिळण्याचे प्रमाण सप्टेंबरात जन्मलेल्या, म्हणजे सर्वांत थोरल्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक निघाले. जिथे ती सीमारेषा नव्हती तिथे हा फरकही नव्हता. जन्माचा महिना हा काही आजार नव्हे. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने प्रवेशाच्या वयाची सीमारेषा ३१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलली. शाळा जूनमध्ये उघडते. म्हणजे डिसेंबरअखेरीस जन्मलेले मूल नर्सरीच्या पहिल्या दिवशी अडीच वर्षांचेही पुरते नसते, आणि त्याच्या शेजारी साडेतीनला टेकलेले जानेवारीतले मूल बसलेले असते. दोघांच्याही पुढ्यात गिरवायची वही येते. पहिले मूल उठून पळते. सहामाहीला आईला बोलावणे जाते: “जरा कुणाला तरी दाखवून घ्या.”

उठून पळणाऱ्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न या मातीला नवा नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. वारली पाड्यांतली मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, आणि गुरे राखणारी मुले येईनात तेव्हा कुरणावर शाळा भरवली. मुलाला बाकावर आणण्याऐवजी शाळेने उठावे, हा विचार त्यांनी करून दाखवला. त्यांच्यापुढे एडीएचडीचा प्रश्न नव्हता, आणि कुरणावर सोडले की विकार पळतो असा भाबडेपणा आम्हांला करायचा नाही. पण ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि त्यामागची दृष्टी आपण ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत आज साडेतीन वर्षांच्या मुलाने हाताची घडी तोंडावर बोट ठेवून बसावे, ही अपेक्षा कुठून आली हे विचारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

योगायोग असा की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघरलाच झाला. त्या वेळी तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, बोर्डी आणि कोसबाडही त्याच परिसरातली. या कार्यक्रमाच्या तीस स्थितींच्या यादीत एडीएचडी आहे, आणि फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासावीत अशी त्याची आखणी आहे. यादीत नाव आहे, पथक आहे, पुढे पाठवण्यासाठी जिल्हा केंद्राची तरतूद आहे. पण वर्षातून दोन भेटींत मूल हुडकता येते. आठ आठवडे घरी जाऊन आईबापांना शिकवणारा माणूस त्या आखणीत कुठे आहे? दुसरीकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्णालयातल्या खाटेभोवती बांधलेल्या आहेत. काचेपलीकडून कानात बोलणाऱ्या प्रशिक्षकाला खाट लागत नाही, म्हणून त्याचे पैसेही मिळत नाहीत.

म्हणून जो कोणी यापुढे “औषध नको, वर्तनोपचार करा” म्हणेल त्याने त्याच दमात सांगावे: कोण करणार, किती आठवडे, कोणत्या वारी, आणि पैसे कोण देणार. हे सांगता येत नसेल तर ‘आमच्याकडे हा उपचार उपलब्ध नाही’ असे चिठ्ठीवर लिहावे. औषध दुकानात नसले तर दुकानदार तसे सांगतोच की. बोलावणे बापाच्या नावानेही जावे. अंगणवाडीसेविकेवर हे काम टाकायचे असेल तर तिच्या आधीच्या ओझ्यातले काही उतरवून, तिला नीट शिकवून आणि वेगळे मानधन देऊन टाकावे. तसे न केल्यास काय होते ते २००४ च्या त्या ८९ कुटुंबांनी दाखवले आहे. आणि मुलाला तज्ज्ञाकडे पाठवताना शाळेने जे पत्र द्यायचे असते, त्यात त्याच्या तक्रारींच्या वर त्याची जन्मतारीख आणि वर्गातील सर्वांत थोरल्या मुलाची जन्मतारीख, अशा दोन तारखा लिहाव्यात. याला तर शासन निर्णयही लागत नाही.